एकच ऑक्साइड, पाच आकडे: मँगनीज डायऑक्साइडच्या पातळ फिल्मचे प्रकरण

लहानपणी संपलेला टॉर्चचा सेल फोडायचा, आतली कार्बनची कांडी काढायची आणि तिने फरशीवर रेघोट्या मारायच्या, हा उद्योग आमच्या पिढीत बहुतेकांनी केलेला. कांडीभोवती जी काळी, दमट भुकटी निघायची ती सदऱ्याला लागली की घरी बोलणी खावी लागत. ती भुकटी म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड. फ्रान्सच्या लेक्लांशेने १८६६ मध्ये आपला सेल केला तेव्हापासून हा काळा पदार्थ बॅटरीत ठाण मांडून आहे. आपल्याकडे भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला मॉइल या सरकारी मँगनीज कंपनीची उघडी खाण आहे. तिथले मँगनीज डायऑक्साइडचे खनिज कोरड्या बॅटरीच्या उद्योगाला जाते.

हाच स्वस्त, बिनविषारी म्हणावा असा पदार्थ गेली पंचवीसेक वर्षे सुपरकपॅसिटरच्या, म्हणजे सेकंदांत भरणाऱ्या आणि रिकाम्या होणाऱ्या वीजसाठ्याच्या, संशोधनात सतत चर्चेत आहे. आणि त्याच्याबद्दल छापून आलेले आकडे पाहिले तर नवा विद्यार्थी गोंधळतोच. १९९९ मध्ये ग्रॅममागे सुमारे २०० फॅरड (दर व्होल्टला किती कूलॉम प्रभार साठतो, त्याचे हे माप). २००० मध्ये ६९८. २००४ मध्ये एकाच शोधनिबंधात दोन आकडे, १५० आणि १,३८०. २०११ मध्ये १,१४५. पदार्थ तोच, इलेक्ट्रोलाइट म्हणजे आयनांचे द्रावण पाण्यातलेच, व्होल्टेजची मर्यादाही जवळपास तीच. मग नऊ पटींचा फरक कुठून आला? यातला कोणताही आकडा खोटा नाही. माझ्या मते धातूंच्या ऑक्साइडच्या नॅनो-फिल्म समजून घ्यायला याहून चांगले प्रकरण नाही, म्हणून ते पहिल्यापासून मांडतो.

रुथेनियमची गोष्ट आधी

साध्या कार्बनच्या सुपरकपॅसिटरमध्ये रासायनिक अभिक्रिया होत नाही. कार्बनच्या छिद्राछिद्रांतल्या पृष्ठभागावर एका बाजूला इलेक्ट्रॉन जमतात आणि त्यांच्यासमोर द्रावणातले आयन येऊन उभे राहतात. हा झाला विद्युत दुहेरी थर. प्रभार साठतो तो फक्त या पृष्ठभागावर, म्हणून साठा मर्यादित. पण अभिक्रियाच नसल्याने सेकंदात भरतो, सेकंदात रिकामा होतो आणि लाखो फेऱ्या टिकतो.

१९७१ मध्ये त्रासात्ती आणि बुझान्का या इटालियन शास्त्रज्ञांनी रुथेनियम डायऑक्साइडच्या फिल्मवर एक विलक्षण गोष्ट पाहिली. व्होल्टेज ठरावीक वेगाने वर-खाली करत विद्युतधारा मोजली, म्हणजे आमच्या भाषेत सीव्ही काढला, तर ऑक्साइडची अभिक्रिया होत असूनही आलेख कपॅसिटरसारखा चौकोनी येत होता. बॅटरीच्या पदार्थाला ठरावीक व्होल्टेजला उंच शिखर येते. इथे शिखर नव्हते. ऑक्साइड इलेक्ट्रॉन घेत होता, सोबत द्रावणातला प्रोटॉन आत ओढत होता, पण ते सगळे व्होल्टेजच्या संपूर्ण पट्ट्यात सारखे पसरलेले होते. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात कॉनवे यांनी पुढे अनेक वर्षे या वागणुकीचा अभ्यास केला. तिला स्यूडोकपॅसिटन्स म्हणतात. वागणूक कपॅसिटरची, साठवण मात्र अभिक्रियेची.

१९९५ मध्ये झेंग, सिगन आणि जाऊ यांनी पाणी धरून ठेवणाऱ्या रुथेनियम ऑक्साइडचा आकडा ग्रॅममागे ७२० फॅरडवर नेला. सर्वसाधारण कार्बन शंभर-दीडशेच्या घरात असताना हे फारच मोठे होते. अडचण एकच: रुथेनियम प्लॅटिनमच्या कुटुंबातला धातू, दुर्मीळ आणि महाग. त्यातून त्याला गंधकाम्ल लागते. लष्करी उपकरणाला परवडेल, बसला किंवा लिफ्टला परवडणार नाही. म्हणून स्वस्त ऑक्साइडचा शोध सुरू झाला आणि तो टॉर्चच्या सेलपाशी येऊन पोचला.

पहिले दोन आकडे

१९९९ मध्ये ली आणि गुडइनफ यांनी पोटॅशियम परमँगनेट आणि मँगनीज ॲसिटेट पाण्यात एकत्र करून अस्फटिकी, पाणीदार मँगनीज डायऑक्साइडचा साका मिळवला आणि तो पोटॅशियम क्लोराइडच्या साध्या द्रावणात तपासला. गुडइनफ म्हणजे तेच, ज्यांना लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९ चे नोबेल ९७ व्या वर्षी मिळाले. आम्ल नाही, महाग धातू नाही, आणि सीव्ही जवळजवळ चौकोनी. ग्रॅममागे सुमारे २०० फॅरड. आकडा रुथेनियमच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असला तरी किमतीचा विचार करता ही मोठी बातमी होती.

पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनहून पँग, अँडरसन आणि चॅपमन यांनी तोच पदार्थ भुकटीऐवजी फिल्म म्हणून तपासला. सोल-जेल पद्धतीने, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचा जेल करून आणि तो वाळवून, निकेलच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा थर चढवला आणि सोडियम सल्फेटच्या द्रावणात मोजला. ६९८ फॅरड. एका वर्षात साडेतीन पट. फिल्मला रुथेनियमची बरोबरी करता येते असे दिसल्यावर जगभरच्या प्रयोगशाळा या पदार्थाकडे वळल्या.

इथे थांबून एक हिशोब करायला हवा. पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. मँगनीज डायऑक्साइडचे रेणुवस्तुमान ८६.९४. प्रत्येक मँगनीज अणूने एक इलेक्ट्रॉन घेतला, म्हणजे तो चार संयुजेवरून तीनवर आला, तर एका मोलमागे ९६,४८५ कूलॉम. भागाकार केला की ग्रॅममागे १,११० कूलॉम. हे बॅटरीवाल्यांच्या मापात ३०८ मिलिअँपिअर-तास होतात. या पदार्थासाठी पाण्यात वापरायचा पट्टा साधारण ०.९ व्होल्टचा. १,११० ला ०.९ ने भागले की १,२३३ फॅरड. प्रत्येक अणू कामाला लागला तर मिळणारे हे मूल्य.

आता २०० फॅरडचा अर्थ लावा. १८० कूलॉम, म्हणजे सहा मँगनीज अणूंपैकी एक कामाला लागला, पाच बसून राहिले. ६९८ म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक अणू कामाला लागले. फिल्ममध्ये कोणते नवे रसायन घडले नव्हते. जास्त अणूंपर्यंत पोचता आले, एवढेच.

२००४: एका निबंधातले दोन आकडे

हा अंदाज आज सोपा वाटतो. तो प्रयोगाने सिद्ध केला तुपँ, ब्रूस आणि बेलांजे यांनी, २००४ मध्ये. मला हे काम आजही अतिशय देखणे वाटते, कारण त्यांनी प्रश्नच नेमका विचारला: प्रभार साठतो तेव्हा मँगनीजची संयुजा खरोखर बदलते का, आणि बदलते तर किती खोलीपर्यंत?

त्यांनी दोन प्रकारचे इलेक्ट्रोड घेतले. एक, प्लॅटिनमवर चढवलेली अतिपातळ फिल्म. दुसरा, मँगनीज डायऑक्साइडची भुकटी कार्बनमध्ये मळून, टेफ्लॉनने बांधून केलेला जाड इलेक्ट्रोड, जसा प्रत्यक्ष उपकरणात वापरता येईल तसा. पातळ फिल्मने १,३८० फॅरडच्या आसपास धारिता दाखवली. जाड इलेक्ट्रोडने १५०.

नंतर दोन्ही इलेक्ट्रोड भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थेत एक्सपीएसखाली ठेवले. या तंत्रात क्ष-किरणांनी पृष्ठभागातले इलेक्ट्रॉन उडवायचे आणि त्यांची ऊर्जा मोजायची. मँगनीजच्या बाबतीत ३एस पातळीचे शिखर दुभंगते आणि दोन शिखरांतले अंतर संयुजा सांगते. चार संयुजेला ते साधारण ४.७ ते ४.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, तीनला ५.४ च्या जवळ जाते. पातळ फिल्ममध्ये संयुजा स्वच्छपणे चारवरून तीनवर आणि परत चारवर जाताना दिसली. द्रावणातले सोडियम आयनही फिल्ममध्ये शिरलेले सापडले, पण इलेक्ट्रॉनांचा पूर्ण हिशोब जुळेल इतके नव्हते; म्हणजे सोबत प्रोटॉनही आत येत होते. जाड इलेक्ट्रोडमध्ये मात्र संयुजेत काहीच बदल आढळला नाही.

या शेवटच्या वाक्यावर मी वर्गात नेहमी रेंगाळतो. जाड इलेक्ट्रोडमध्येही १५० फॅरड साठत होते. मग मँगनीज बदलले नाही असे कसे? बदललेच. पण १५० फॅरड म्हणजे १३५ कूलॉम, म्हणजे आठ अणूंमागे एक. तो एक अणू द्रावणाला आणि कार्बनला लागून असलेल्या अगदी वरच्या थरात होता, आणि मोजमापात खालच्या न बदललेल्या अणूंची गर्दी इतकी की त्याचा आवाज ऐकू आला नाही. प्रत्येक कणाचे जणू साल तेवढे काम करत होते, गर सबंध पडून होता.

१,३८० हा आकडा आपल्या १,२३३ पेक्षा साधारण बारा टक्क्यांनी जास्त आहे, हे चौकस वाचकाच्या लक्षात आले असेल. माझ्या दृष्टीने ‘मँगनीजमागे जवळपास एक इलेक्ट्रॉन’ असाच तो वाचावा. इतक्या पातळ फिल्मचे वजन ठरवताना दहा-बारा टक्के इकडेतिकडे होणे मुळीच अशक्य नाही. त्या वजनाकडे पुढे येतो.

खोलवर का पोचत नाही

दोन प्रवासी आत जायला हवेत: धातूच्या पत्र्याकडून इलेक्ट्रॉन आणि द्रावणाकडून आयन. मँगनीज डायऑक्साइड दोघांनाही हात आखडता घेऊन वाट देतो.

इलेक्ट्रॉनचे आधी पाहू. रुथेनियम डायऑक्साइड धातूसारखा वीज वाहतो, मँगनीज डायऑक्साइडची वाहकता सेंटिमीटरमागे सीमेन्सच्या दशलक्षांश ते लाखांश भागाइतकी. दशलक्षांश धरा. १०० नॅनोमीटर जाडीच्या आणि एक चौरस सेंटिमीटर क्षेत्राच्या फिल्मचा रोध १० ओहम येतो. एक मिलिअँपिअर धारा सोडली तर १० मिलिव्होल्ट वाया जातात, हरकत नाही. आता तीच फिल्म १० मायक्रोमीटर जाड करा. रोध १,००० ओहम, आणि त्याच धारेला एक अख्खा व्होल्ट फिल्मच्या आतच खर्च. आपला सगळा पट्टा ०.९ व्होल्टचा. म्हणजे वरच्या थराला हुकूम पोचण्याआधीच पत्र्यालगतचा थर काम संपवून मोकळा.

आयनांचे गणित वेळेशी बांधलेले आहे. घनपदार्थात आयन किती आत सरकेल हे विसरण-गुणांक (आयन त्या पदार्थात किती भरभर पसरतो त्याचे माप) आणि वेळ यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने ठरते. समजा हा गुणांक सेकंदाला १० चा उणे तेरावा घात चौरस सेंटिमीटर आहे. सीव्ही सेकंदाला ५ मिलिव्होल्ट वेगाने काढला तर ०.९ व्होल्ट चढायला १८० सेकंद लागतात आणि आयन साधारण ४२ नॅनोमीटर आत जातो. वेग १०० मिलिव्होल्ट केला तर हातात ९ सेकंद, आणि खोली साडेनऊ नॅनोमीटर. गुणांक थोडा मोठा-लहान धरला तरी गोष्ट दहा-शंभर नॅनोमीटरच्या आसपासच घुटमळते. ‘नॅनो’ या शब्दाला इथे खरा अर्थ आहे. पाकळी, सुई, तार असा कोणताही आकार घ्या, त्याची जाडी या खोलीच्या दुप्पटच्या आत असेल तर गाभाही कामाला येतो. त्याहून जाड असेल तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या चित्रात फूल कितीही सुंदर दिसो, पाकळीचा मधला भाग नुसते ओझे.

आता टॉर्चचा सेल आठवा. त्यात हीच भुकटी, याच जाड कणांची, प्रत्येक मँगनीजमागे एका इलेक्ट्रॉनाकडे वाटचाल करते. तिला ते कसे जमते? तिच्याकडे तास असतात. प्रोटॉनला कणाच्या मध्यापर्यंत सावकाश पोचू द्यायला सेलला वेळ आहे, सुपरकपॅसिटरला नाही. डोंगरी बुजुर्गच्या खनिजात आणि प्लॅटिनमवरच्या फिल्ममध्ये साठवण तीच आहे. एकाला तास दिले, दुसऱ्याला जाडी शंभर नॅनोमीटरच्या आत ठेवून सेकंदांत काम करून घेतले.

तराजूवर काय दिसते

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल की उत्तर मिळाले: फिल्म पातळ करा, आकडा वाढतो. आकडा वाढतो हे खरे. पण ग्रॅममागचा आकडा वाढतो. ग्रॅम कुठे आहे?

१०० नॅनोमीटरची फिल्म, पाणीदार आणि सच्छिद्र म्हणून घनता ४ धरू. एका चौरस सेंटिमीटरवर ४० मायक्रोग्रॅम. तिला ७०० फॅरडने गुणा: २८ मिलिफॅरड. शेजारी बाजारातल्या सुपरकपॅसिटरसारखा कार्बनचा इलेक्ट्रोड ठेवा, जाडी १०० मायक्रोमीटर, घनता ०.५, म्हणजे चौरस सेंटिमीटरवर ५ मिलिग्रॅम. ग्रॅममागे जेमतेम १०० फॅरड असला तरी ५०० मिलिफॅरड. सात पट ‘भारी’ पदार्थाची फिल्म प्रत्यक्षात त्याच जागेत अठरावा हिस्सा वीज साठवते. आणि फिल्मखालचा पत्रा? ०.२ मिलिमीटरचे स्टेनलेस स्टील चौरस सेंटिमीटरला १५८ मिलिग्रॅम भरते. फिल्मच्या जवळपास चार हजार पट.

२०११ मध्ये गोगोत्सी आणि सिमॉन यांनी ‘सायन्स’ साप्ताहिकात नेमका हाच मुद्दा मांडला: फार पातळ फिल्मचे ग्रॅममागचे आकडे उपकरणाची कुवत सांगत नाहीत, कारण उपकरणात पत्रा, द्रावण, पडदा, वेष्टन असे सगळे वजन असते. त्यांचा निबंध छोटा आहे. या विषयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने तो प्रयोग सुरू करण्यापूर्वी वाचावा असे मला मनापासून वाटते.

यात आणखी एक चौथाईचा फेरा आहे. प्रयोगशाळेत तीन इलेक्ट्रोडच्या मांडणीत एकाच फिल्मचा आकडा मिळतो. दोन सारख्या फिल्म समोरासमोर ठेवून सेल केला की त्या एकसरीत जोडल्या जातात: धारिता निम्मी, पदार्थाचे वजन दुप्पट. ७०० चे थेट १७५ होतात. फसवणूक यात कुठेच नाही, फक्त कोणता आकडा कशाचा हे लिहायला हवे.

वजनाचा प्रश्न तर याहून बोचरा. जिच्यावर फिल्म चढवायची ती धातूची पट्टी आधी तोलायची, फिल्म चढवून, वाळवून पुन्हा तोलायची आणि वजाबाकी करायची, ही आपल्याकडची रूढ रीत. चार दशांश स्थळांचा तराजू ०.१ मिलिग्रॅम दाखवतो. फिल्म ०.०४ मिलिग्रॅमची. ती त्याला दिसतच नाही. पाच स्थळांचा तराजूही शेवटच्या अंकात एकाने चुकला तर पंचवीस टक्क्यांचा फरक. त्यात फिल्ममध्ये किती पाणी राहिले, धुताना पट्टीचा कण गेला का, आम्लधर्मी द्रावणात स्टील किंचित खाल्ले गेले का, हे सगळे त्याच वजाबाकीत मिसळते. वजन कमी भरले की ग्रॅममागचा आकडा आपोआप मोठा होतो. विद्यार्थ्याने काही वेडेवाकडे केलेले नसतानाही. उपाय अवघड नाहीत. पंचवीस चौरस सेंटिमीटरच्या पट्टीवर फिल्म करा, म्हणजे वजन एक मिलिग्रॅम तरी होईल. किंवा मोजून झाल्यावर फिल्म आम्लात विरघळवून मँगनीज रासायनिक विश्लेषणाने मोजा; ते पाण्याला आणि पत्र्याला फसत नाही. ही सोय असेल तिथे मी तिचाच आग्रह धरतो.

प्रबंध हातात आला की मी आधी चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम पदार्थ आहे ते पान शोधतो. ग्रॅममागचा मोठा आकडा त्यानंतर वाचतो.

कोल्हापूरचे बीकर

या प्रकरणात महाराष्ट्राचा संबंध नुसत्या खाणीपुरता नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात चं. द. लोखंडे यांच्या गटाने रासायनिक पद्धतीने पातळ फिल्म करण्याची एक सबंध परंपरा उभी केली. सुरुवातीचे काम धातूंच्या सल्फाइड-सेलेनाइडवर होते. निकोलाऊ यांनी १९८५ मध्ये फ्रान्समध्ये मांडलेली सिलार पद्धत इथे चांगलीच रुजली. पठाण आणि लोखंडे यांचा तिच्यावरचा आढावा २००४ मध्ये आला. पुढे ऑक्साइड आणि सुपरकपॅसिटरकडे वळण घेतल्यावर लोखंडे, डुबल आणि कोरियातल्या जू यांनी २०११ मध्ये धातूंच्या ऑक्साइडच्या पातळ फिल्मवर चालणाऱ्या सुपरकपॅसिटरचा आढावा लिहिला, तोही जगभर वाचला गेला.

सिलार पाहायला अगदी साधी. चार बीकर ओळीने. पहिल्यात धातूच्या क्षाराचे द्रावण. पट्टी बुडवली की आयन पृष्ठभागाला चिकटतात. दुसऱ्यात डबल डिस्टिल्ड पाणी. सैल आयन धुऊन जातात. तिसऱ्यात ऑक्साइड घडवणारे द्रावण. चिकटलेल्या आयनांची तिथल्या तिथे अभिक्रिया होते. चौथ्यात पुन्हा पाणी. ही झाली एक फेरी. पंपाने हवा काढायला नको, भट्टी नको, दर फेरीला अत्यल्प जाडी वाढते आणि किती फेऱ्या दिल्या हे मोजून जाडी हातात ठेवता येते. जाडी हाच ज्या प्रकरणाचा कणा आहे त्यात फेऱ्या मोजून ती ठरवता येणे ही मोठी ताकद. एरवी या पद्धतीचे कौतुक होते ते ती स्वस्त आहे म्हणून. मला तिचे खरे बळ जाडीवरच्या या ताब्यात दिसते. एकाच पट्टीच्या तुकड्यांवर दहा, वीस, चाळीस, ऐंशी फेऱ्या देऊन ग्रॅममागचा आणि चौरस सेंटिमीटरमागचा असे दोन्ही आकडे एकाच आलेखावर काढले, तर पहिला उतरत जातो आणि दुसरा चढत जाऊन कुठेतरी सपाट होतो. तो सपाट होतो ती जाडी म्हणजे त्या पदार्थाची, त्या वेगाची खरी मर्यादा. असा एक आलेख मला फुलांच्या वीस चित्रांपेक्षा जास्त सांगतो.

जाता जाता एक गोष्ट. पट्टीऐवजी निकेल फोम, म्हणजे स्पंजासारखे सच्छिद्र निकेल, आणि सोडियम सल्फेटऐवजी तीव्र पोटॅशियम हायड्रॉक्साइड घेतले की हजारांतले आकडे सहज येऊ लागतात. त्या द्रावणात निकेलच्या पृष्ठभागावर स्वतःचे हायड्रॉक्साइड तयार होते आणि तेही प्रभार साठवते; फिल्मचे वजन कमी असेल तर फोमचाच वाटा फिल्मच्या नावावर जमा होतो. कोरा फोम वेगळा तपासून तो वजा करणे एवढेच करायचे असते. शिवाय निकेल आणि कोबाल्टच्या हायड्रॉक्साइडला सीव्हीत ठळक शिखरे येतात. २००४ च्या त्याच ब्रूस आणि बेलांजे यांनी लाँग यांच्यासह २०१५ मध्ये याबद्दल स्पष्ट लिहिले: शिखरे येणारा पदार्थ बॅटरीचा आहे, त्याला फॅरड लावू नयेत, कूलॉम किंवा मिलिअँपिअर-तास लावावेत. फॅरड म्हणजे दर व्होल्टला सारखा प्रभार. जिथे सगळा प्रभार व्होल्टेजच्या एका अरुंद पट्ट्यात साठतो तिथे व्होल्टने भागण्यात अर्थ राहत नाही.

सोने, आणि नंतर छपाई

पाचवा आकडा, १,१४५, जपानच्या तोहोकू विद्यापीठातून २०११ मध्ये आला. लँग, हिराता, फुजिता आणि चेन यांनी चांदी-सोन्याच्या मिश्रधातूचा पातळ वर्ख घेतला आणि नायट्रिक आम्लात चांदी विरघळवली. मागे उरला सोन्याचा स्पंज, नॅनोमीटरच्या मापाची छिद्रे असलेला. त्या छिद्रांत मँगनीज डायऑक्साइडचे नॅनोकण बसवले. आता कोणताही कण सोन्यापासून काही नॅनोमीटरच्याच अंतरावर, आणि छिद्रांतून द्रावणही दाराशी. इलेक्ट्रॉनची आणि आयनाची, दोघांचीही वाट कमीत कमी. परिणाम सैद्धांतिक मूल्याच्या जवळ, आणि २००४ चा निष्कर्ष दुसऱ्या बाजूने सिद्ध. आकडा अर्थात फक्त मँगनीज डायऑक्साइडच्या वजनावर काढलेला. सोने त्यात धरलेले नाही, आणि निबंधातही तसे साफ लिहिले आहे.

सोन्याच्या जागी पुढे कार्बनचे कापड, नॅनोनलिका, ग्राफीन आले. सगळ्यांचा हेतू एकच: फिल्म पातळच ठेवायची, पण ती सपाट पट्टीवर न पसरता वीज वाहणाऱ्या सांगाड्याच्या अंगाखांद्यावर पसरायची, म्हणजे जाडी नॅनोमीटरमध्ये राहील आणि वजन मिलिग्रॅममध्ये जाईल. सपाट फिल्मला तिचे स्वतःचे घर आहेच: चिपवरचा, सेन्सरच्या शेजारचा सूक्ष्म सुपरकपॅसिटर. तिथे वजन कोणी विचारत नाही, जागा विचारतात, आणि चौरस सेंटिमीटरमागचे मिलिफॅरड हेच योग्य माप ठरते.

मोठ्या उपकरणाच्या दिशेने सर्वांत लांबचे पाऊल माझ्या पाहण्यात २०१९ मध्ये पडले. कॅलिफोर्निया विद्यापीठाची सांताक्रुझ शाखा आणि लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळा यांच्या गटाने ग्राफीन एरोजेलची, म्हणजे कार्बनच्या अतिशय हलक्या, सच्छिद्र पदार्थाची, जाळी त्रिमितीय छपाईने काढली आणि तिच्या आतल्या भिंतींवर मँगनीज डायऑक्साइड चढवला. चौरस सेंटिमीटरला १८२.२ मिलिग्रॅम पदार्थ आणि ४४.१३ फॅरड. आपल्या १०० नॅनोमीटरच्या सपाट फिल्मच्या दीड हजार पट. एवढ्या जाड इलेक्ट्रोडमधला सर्वांत मोठा आकडा संथ प्रवाहावरच मिळतो, तेव्हा वेगाचा प्रश्न संपलेला नाही. द्रावणाला आत-बाहेर करायला जाळीतले उघडे मार्ग किती पुरतात यावर पुढचे काम चालू राहील. या इलेक्ट्रोडचा ग्रॅममागचा आकडा भागाकार करून काढला तर २४२ फॅरड येतो. ली आणि गुडइनफ यांच्या १९९९ च्या आकड्याच्या शेजारचा.